आईची ट्राम

२००८ साली आई पहिल्यांदा अमेरिकेत आली. आधी महिनाभर ताईकडे, न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत. मोठं घर, मागे हिरवळ, दारात दोन गाड्या. ताई-भावजी सकाळी कामावर गेले की आई खिडकीशी. फोनवर म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण भाजी आणायलासुद्धा कुणाची तरी वाट बघावी लागते."

मग ती आमच्याकडे जर्सी सिटीत आली. आमचं घर जेमतेम दोन खोल्यांचं, पण खाली हडसन-बर्गन लाइट रेलचा थांबा. पहिल्याच दिवशी डबा बघून म्हणाली, "अरे, ही तर ट्राम!" ती दादरची. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा आई सोळा वर्षांची होती.

तिला मी एकदाच सगळं दाखवलं. फलाटावरच्या यंत्रातून तिकीट घ्यायचं, दुसऱ्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर वेळ उमटवायची. फाटक नाही, कंडक्टर नाही, अधूनमधून तपासनीस येतो. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांना पायरी नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून फोन केला तर बाईसाहेब एकट्याच लिबर्टी स्टेट पार्कला निघालेल्या!

या गाडीला नावं ठेवणारे पुष्कळ. मीही ठेवतो. एसेक्स स्ट्रीटच्या वळणावर ती कुरकुरत जाते, रस्त्यावरच्या सिग्नलला थांबते. तेवढ्या वेळात मोटारीने पोचलो असतो, हा हिशोब मीही केलाय. पण त्या हिशोबात मोटार चालवता येणाराच माणूस धरलेला असतो. आई त्यात कुठेच नसते. शाळकरी मुलंही नसतात, आणि उद्याचे आपणही नसतो.

गंमत म्हणजे नावात 'बर्गन' असूनही ही गाडी बर्गन काउंटीत जात नाही. २००० साली सुरू झाली, २००६ मध्ये उत्तरेला टॉनेल अॅव्हेन्यूपर्यंत पोचली. ते गाव नॉर्थ बर्गन, पण काउंटी हडसनच. पुढे मालगाडीचा जुना मार्ग आहे, त्यावरून ती एंगलवूडकडे न्यायची योजनाही आहे. टेनाफ्लायच्या मतदारांनी तर २०१० मध्ये आपल्या गावात ती नकोच, असा कौल दिला. गाडी आली तर शांतता जाईल, ही भीती मला कळते. पण ताईच्या खिडकीतली शांतता आईने महिनाभर अनुभवली होती.

ताई आता साठीला आलीय. परवा म्हणाली, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे डोळ्यांवर येतात. मी काही बोललो नाही. मला ती खिडकी आठवली.