वर्गणी भरण्यापूर्वी

पुणे शहर व शेतीविषयक नियतकालिके यांचा संबंध जुना आहे. रयतेची गाऱ्हाणी मांडणारे ‘दीनबंधु’ पत्र कृष्णराव भालेकर यांनी येथेच १८७७ साली सुरू केले. आज कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक, ‘ॲग्रोवन’ दैनिक व इतर अनेक प्रकाशने येथून निघतात. तेव्हा वाचावयास काय मिळेल हा प्रश्न उरलेला नाही. वर्गणी कशासाठी भरावी, हा खरा प्रश्न होय.

गुळगुळीत कागद व रंगीत चित्रे ही चांगल्या अंकाची खूण नव्हे. सल्ला कोणत्या जमिनीसाठी, कोणत्या हंगामासाठी, मात्रा किती व खर्च किती, हे ज्यात स्पष्ट असते तोच अंक उपयोगाचा. कोकणच्या जांभ्या जमिनीतील आंबा लागवडीचा लेख बारामतीच्या काळ्या रानात जसाच्या तसा लागू पडत नाही. अंकाची तारीखही पाहावी. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. त्यापूर्वीच्या अंकात त्याची शिफारस आढळल्यास ती आज त्याज्य समजावी. जाहिरात व लेख एकाच औषधाची स्तुती करू लागले, तर सावध व्हावे. चुकीच्या सल्ल्याने गेलेला हंगाम कोणतेही मासिक भरून देत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी निवडक लेख चावडीवर वाचून दाखवावेत. शेतकरी बंधूंनी नवा सल्ला प्रथम एका गुंठ्यावर अजमावावा व अनुभव संपादकांस कळवावा. चूक दाखविणारे पत्रही जे नियतकालिक छापते, त्याची वर्गणी सहसा वाया जात नाही.