रेंज खाटेपाशी मोजा

पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करणं हा माझा व्यवसाय. खुब्याचं नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, पक्षाघातातून सावरणारे, न्हाणीघरात पाय घसरून हाड मोडलेले, असे माझे बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे. आज सदाशिव पेठ, उद्या सहकारनगर, कधी धायरी, कधी बाणेर. कोणत्या घरात शिरल्यावर फोन मुका होणार, हे आता इमारत पाहूनच कळतं. ज्याला खाटेवरून उठता येत नाही त्याच्याच खाटेपाशी रेंज नसते, ही गोष्ट मला फार खुपते, म्हणून हे लिहिते आहे.

सदाशिव पेठेतल्या एका आजींचं उदाहरण देते. जुना वाडा पाडून त्या जागी उभी राहिलेली इमारत, तळमजला, मागच्या बाजूची खोली. खिडकीबाहेर हातभर बोळ आणि लगेच शेजारच्या इमारतीची भिंत. खाट आहे त्या कोपऱ्यात फोनवर एकही दांडी दिसत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र दोन दांड्या येतात. म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी औषधाच्या दुकानातून मिळालेली एक कापडी पिशवी त्या खिडकीच्या गजाला बांधून ठेवली आहे. फोन दिवसभर त्या पिशवीत. रिंग वाजली की मावशी कणकेचा हात पुसत धावतात, स्पीकर लावतात आणि आजी आतल्या खोलीतून मोठ्याने बोलतात. मुलगा बंगळुरूला. तो तिकडून ‘आई, ऐकू येतंय का?’ एवढंच विचारत राहतो. निम्मं बोलणं मावशी मधे उभ्या राहून इकडचं तिकडे सांगतात. आईला मुलापाशी मनातलं काही बोलायचं असेल, तर तेही असं ओरडूनच. बँकेचा ओटीपी पिशवीतून खाटेपर्यंत येईतो त्याची मुदत संपलेली असते. संध्याकाळी मावशी घरी जातात. त्यानंतर सकाळपर्यंत फोन खिडकीत आणि आजी खाटेवर.

रात्री काही झालं तर? ११२ हा आपत्कालीन क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो, ही चांगली सोय आहे. पण कुठलं तरी नेटवर्क त्या कोपऱ्यापर्यंत पोचायला हवं ना?

आजींच्या वतीने कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण इतर कंपन्यांचे ग्राहकही मला हीच कहाणी सांगतात. एक तरुण इंजिनीअर आला, फाटकापाशी उभं राहून त्याने फोनवर आकडे पाहिले, स्क्रीनशॉट घेतला. आत या म्हटलं, तर म्हणाला, ‘मॅडम, आम्हाला बाहेरचंच बघायचं असतं.’ दुसऱ्या दिवशी मेसेज आला : आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे मोजायला सांगितलं होतं तेच त्याने मोजलं. प्रश्न ते ठरवणाऱ्यांना विचारायला हवा.

दूरसंचार नियामक म्हणजे ट्राय शहरांमध्ये नेटवर्कची चाचणी घेतं ती मुख्यतः गाडीत यंत्रं ठेवून रस्त्यांवरून फिरत. काही गर्दीच्या ठिकाणी थांबून, काही पायी चालून. ती व्हायलाच हवी. पण फोनवरचं बोलणं फक्त रस्त्यावर होतं का? माझे पेशंट तर महिनोन् महिने उंबऱ्याबाहेर पडत नाहीत.

कॉल तुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावं, असा निकष आहे. ऐकायला चांगला वाटतो. पण कॉल तुटला असं मोजायचं तर आधी तो लागावा लागतो. ज्या फोनपर्यंत नेटवर्कच पोचत नाही, ज्याच्या बाबतीत ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे’ एवढंच मुलाला ऐकू येतं, तो कॉल या टक्क्यांत कुठेच नाही. आजी स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर असतात आणि हिशेबात मात्र कव्हरेजच्या बाहेर.

हा हिशेब मांडला जातो तो सर्कलवार. मुंबई हे स्वतंत्र सर्कल आहे, पुणे नाही. पुणे येतं महाराष्ट्र आणि गोवा या सर्कलमध्ये. म्हणजे शनिवार पेठेतला बोळ, गडचिरोलीतलं जंगल, पणजीचा किनारा आणि जालन्यातलं शेत यांची एकच सरासरी. एवढ्या मोठ्या मुलखाच्या सरासरीत एका पेठेतल्या तळमजल्यांचं दुखणं कुणाला दिसणार? २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथे टॉवरच्या आधी बारा-बारा मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. तेही याच सरासरीत विरघळून जातं.

ट्रायने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. कॉल तुटला तर ग्राहकाला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ रुपये, असा नियम त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये काढला होता. तो १ जानेवारी २०१६ पासून लागू व्हायचा होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आले, १ ऑक्टोबरपासून ते लागू झाले. कंपन्यांनी आपल्या कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर टाकलाच पाहिजे, हे त्यात आलं. जिल्ह्यात २४ तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ, हेही आलं. पण आजींच्या खोलीत सेवा कधी बंद पडतच नाही, ती मुळात येतच नाही. कंपनीचा नकाशा मी उघडून पाहिला. आजींची गल्ली पूर्ण रंगवलेली आहे. त्या रंगाला भिंती माहीत नाहीत.

भिंतींचं म्हणणं साधं आहे. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, जास्त फ्रिक्वेन्सीच्या अडतात. जुनी टू-जी सेवा ९०० मेगाहर्ट्झवर चालायची तेव्हा तिचा आवाज माजघरापर्यंत पोचायचा. फोर-जीचा मोठा भार १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर गेला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झालं, पुणे पहिल्या यादीतल्या शहरांत होतं आणि आपल्याला त्याचं कौतुकही वाटलं. ते मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. रस्त्यावर त्याचा वेग डोळे दिपवणारा, आरसीसीच्या दोन भिंतींमागे त्याचं काही चालत नाही. बाणेर-बालेवाडीच्या काचेच्या इमारतींत वेगळाच अडथळा : उष्णता अडवण्यासाठी काचेवर धातूचा पातळ थर दिलेला असतो, तो रेंजही अडवतो. यावर उपाय आहेत. जवळजवळ छोटे अँटेना बसवायचे, इमारतींच्या आत वेगळी यंत्रणा लावायची, कमी फ्रिक्वेन्सीचा वाटा दाट वस्तीत वाढवायचा. त्याला पैसे लागतात आणि रंगवलेला नकाशा पुरेसा मानला जात असेल, तर ते पैसे कोण घालणार?

‘मग पोर्ट करा ना,’ असं सगळे सुचवतात. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली, १९००वर एक मेसेज पाठवला की प्रक्रिया सुरू होते. उत्तम सोय आहे. पण तेव्हा डझनभर कंपन्या होत्या, आता तीन खासगी आणि एक सरकारी. शिवाय पुष्कळदा वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात. टॉवर तोच, बोळ तोच, भिंत तीच. पोर्ट करून सिमकार्ड बदलतं, दांड्या बऱ्याचदा तेवढ्याच राहतात.

दुसरा सल्ला वायफाय कॉलिंगचा. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे आणि फोन नवा आहे त्यांनी ते जरूर चालू करावं, मी कित्येक घरांत करून दिलं आहे. पण कंपनीची सेवा घरात यावी म्हणून ग्राहकानेच दुसऱ्या जोडणीचे पैसे भरायचे, हा न्याय मला पटत नाही. वीज गेली की राउटर बंद, म्हणजे नेमकी अडचणीच्या वेळी सोय जाते. तिसरा सल्ला ऑनलाइन मिळणाऱ्या बूस्टरचा. तो कुणीही घेऊ नये. परवानगीशिवाय असा रिपीटर लावणं बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचं नेटवर्क बिघडतं ते वेगळंच.

पैशांचं म्हणाल तर आजी इतरांइतकेच भरतात. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यांनीही वाढीव भरले. २८ दिवसांच्या पॅकमुळे वर्षाला १३ रिचार्ज होतात, हे त्यांनीच मला बोटांवर मोजून दाखवलं.

आता आपल्या बाजूचं बोलते. कोथरूडच्या एका सोसायटीत, जिथे लिफ्टपासून पुढे फोन चालत नाही, गच्चीवर अँटेना बसवायचा विषय सभेत आला आणि किरणोत्साराच्या भीतीने तो हाणून पाडला गेला. भीती मी हसण्यावारी नेत नाही, माझ्या पेशंटांत कर्करोगातून उठलेली माणसं आहेत. पण माहिती करून घ्यावी. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शंका असेल तर तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि ४ हजार रुपये भरून दूरसंचार खात्याकडून मोजणी करून घेता येते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. टॉवर लांब असला की आपला फोनच त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकदीने लहरी सोडतो, तोही कानाला लावलेला असताना. बॅटरी भराभर उतरते ती त्यामुळेच.

महापालिकेचं मोबाइल टॉवरशी नातं आजवर मुख्यतः मिळकतकराचं आणि अनधिकृत टॉवरना नोटिसा देण्याचं राहिलं आहे. टॉवर हीदेखील इमारत आहे आणि तिच्यावर कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केलं. कर घ्या, अनधिकृत टॉवरवर कारवाई करा. पण मार्गाधिकाराचे, म्हणजे दूरसंचार यंत्रणेसाठी जागा वापरू देण्याचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत आणि दिव्याच्या खांबांवर छोटे अँटेना बसवण्याची वाट त्यांनी मोकळी केली आहे. पेठांमध्ये उंच टॉवरला जागा नाही, खांब मात्र गल्लोगल्ली आहेत. महापालिकेने हे खांब कंपन्यांना द्यावेत आणि त्या बदल्यात एकच अट घालावी : त्या गल्लीतल्या तळमजल्याच्या आतल्या खोल्यांमधली रेंज मोजून आकडे प्रभागवार जाहीर करायचे. ट्रायनेही पुण्याचे आकडे सर्कलमधून वेगळे काढावेत आणि घरातली मोजणी निकषांत आणावी. तक्रार घरातली असेल तर इंजिनीअरने घरात येऊनच मोजलं पाहिजे आणि तो आकडा ग्राहकाला लेखी मिळाला पाहिजे.

हे होईपर्यंत लोकांनी गप्प बसू नये. ‘तक्रार सोडवली’ असा मेसेज आला की बहुतेक जण नाद सोडतात, आणि तिथेच ती खरोखर संपते. १९८वर तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवावा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं सांगून लोकांना परत पाठवलं जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हा अडसर दूर केला. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात फीसुद्धा लागत नाही. बिंदुमाधव जोशींनी सत्तरच्या दशकात ज्या शहरात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तिथल्या लोकांना हा रस्ता अनोळखी वाटू नये.

आजींचं अपील मी त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहिलं. सही त्यांनी केली, उशीला टेकून, थरथरत्या पण स्पष्ट अक्षरात. त्यात मागणी एकच आहे : मोजणी खाटेपाशी करावी आणि आकडा लेखी द्यावा. मुदतीत उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा फाटकावरचाच स्क्रीनशॉट आला, तर पुढचा अर्ज जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. त्याची कागदपत्रं मुलाने बंगळुरूहून कुरिअरने पाठवली आहेत.