रोहू-कटल्याला फिशमील कशाला?



शेततळ्यात मासे सोडलेले बरेच जण विचारतात, "फिशमीलवालं महाग खाद्य घेऊ का?" आमचं मत सरळ आहे. तळ्यात रोहू, कटला, मृगळ असतील तर गरज नाही.

फिशमील म्हणजे समुद्रातली बारीक मासळी शिजवून, वाळवून केलेली भुकटी. प्रथिने 50 ते 65 टक्के, म्हणून भावही चढा. पण आपले हे मासे दुसऱ्या माशांवर जगणारे नाहीत. वाढीच्या काळात त्यांना 25 ते 30 टक्के प्रथिने पुरतात.

आता हिशोब करा. शेंगदाणा ढेपेत साधारण 42 टक्के, भाताच्या कोंड्यात 12 टक्के. निम्मं-निम्मं मिसळलं की 27 टक्के झाले. नवापूरकडे भात आहे, भुईमूग-सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पिकतं. मासे पाळण्यात निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचाच असतो. तो पैसा बाहेर का घालवायचा?

*पण ढेप घेताना या चुका करू नका:*

1) बुरशी आलेली ढेप स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. त्यातलं अफलाटॉक्सिन माशाचं यकृत खराब करतं. उन्हात वाळवून ते विष जात नाही.

2) गुरांची सरकी ढेप तळ्यात टाकू नका. त्यातलं गॉसिपॉल माशांना बाधतं, टरफलही पचत नाही.

3) कच्चं सोयाबीन भरडून देऊ नका. त्याने प्रथिने पचत नाहीत. उष्णता दिलेली सोया डीओसीच वापरा.

4) नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. तपासणीत नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. ढेपेत युरिया मिसळला की कागदावर प्रथिने वाढतात, माशाच्या अंगी लागत नाहीत.

ढेप-कोंडा पाण्यावर नुसता फेकला तर बराच वाया जातो. तरंगणाऱ्या गोळीचा तेवढा फायदा आहे, हे मान्य. म्हणून मिश्रण भिजवून छिद्रं पाडलेल्या गोणीत भरा आणि गोणी बांबूला बांधून पाण्यात सोडा. ढगाळ दिवशी, मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर खाद्य बंद ठेवा.

अपवाद दोनच. अगदी लहान पिल्लांना जास्त प्रथिनांचं बारीक खाद्य लागतं. आणि उकाई किंवा सरदार सरोवराच्या फुगवट्यात कोणी पिंजऱ्यात पंगस पाळणार असेल, तर तिथे नैसर्गिक खाद्य पुरत नाही. त्याला तयार गोळीच द्या.

एकेकट्याने दोन पोती घेतली तर ढेप कोण तपासून देणार? सगळ्यांची मागणी एकत्र केली तर एकाच लॉटची युरिया आणि अफलाटॉक्सिनसाठी तपासणी करून घेता येईल. आपलं गाव, तळ्याचा आकार आणि माशांची संख्या याच मेसेजला उत्तर म्हणून कळवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नंदुरबार