कुत्रा चावला, भरपाई कोणाकडे मागायची?

२०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकराच दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. त्या अकरा दिवसांत प्राणिप्रेमी रस्त्यावर उतरले, गृहसंकुलांचे रहिवासी त्यांच्या विरोधात उभे राहिले, वाहिन्यांना खाद्य मिळाले. वाद सारा कुत्र्यांचे काय करायचे याचा होता. ज्याला कुत्रा चावतो त्याचे पुढे काय होते, याची विचारपूस फारशी कोणी केली नाही. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात ३७ लाखांहून अधिक श्वानदंशांची नोंद झाली. यांतील बहुतेकांना आपल्याला भरपाई मागता येते, हेच ठाऊक नसते.

कुत्रा पाळीव असेल तर वाट निदान दिसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१नुसार प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड सरकारजमा होतो. त्यातून जखमीस काही द्यावे, असे न्यायालय म्हणू शकते, पण ५,०००मधून देणार तरी किती? दिवाणी दावा लावता येतो. तेथे इंग्रजी कायद्यातून आलेला जुना प्रश्न उभा राहतो : आपले जनावर अंगावर धावणारे आहे, हे मालकाला आधी माहीत होते काय? म्हणजे पहिला चावा जवळपास माफ. भटक्या कुत्र्याच्या बाबतीत मालकच नाही, तेव्हा शासन उरते.

शासनाला जबाबदार धरण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने रुदुल शाह (१९८३) आणि नीलाबती बेहरा (१९९३) या खटल्यांत मोकळा केला. ती प्रकरणे बेकायदा तुरुंगवासाची व कोठडीतील मृत्यूची. पण जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग झाला तर रिट याचिकेतही भरपाई देता येते, हे तत्त्व त्यांतून रुजले. श्वानदंशापर्यंत ते पोहोचायला बराच काळ गेला. केरळमधील दावे तपासण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये न्या. सिरी जगन यांची समिती नेमली. राज्यभरातील अर्ज एकाच समितीकडे आले आणि ढीग वाढत गेला.

नोव्हेंबर २०२३मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १९३ याचिका एकत्रित निकाली काढताना अधिक नेमका मार्ग आखून दिला. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये. मांस निघाले असेल तर प्रत्येक ०.२ सेंटीमीटर जखमेमागे किमान २०,०००. भरपाई प्रथम राज्याने द्यायची, मग दोषी संस्थेकडून वा व्यक्तीकडून वसूल करायची. पोलीस ठाण्याने घटनेची नोंद करून घ्यायची, जिल्हा उपायुक्ताच्या समितीने चार महिन्यांत निर्णय द्यायचा. ‘पाहणी करू’ यापलीकडे न जाणाऱ्या प्रशासनाला न्यायालयाने आकडा दिला, हे मोठे काम झाले.

मात्र मोजपट्टी अपुरी आहे. रेबीजचा विषाणू दातखुणा मोजत नाही. रक्त काढणारा एक ओरखडाही जिवावर बेतू शकतो. गंभीर जखमेत लशीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, लागते. ते तालुक्याच्या रुग्णालयात नसले की जिल्ह्याच्या गावी जाणे आले. लशीसाठी पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी खेपा घालाव्या लागतात. रोजंदारीवरील बाईचे मूल जखमी झाले तर चार दिवसांची मजुरी आणि गाडीभाडे तिच्या पदरचे जाते. त्याची दातखूण कोठे उमटते?

मी जिल्ह्याचा कारभार पाहत असताना अशाच एका आईचा अर्ज जनसुनावणीत आला होता. वीटभट्टीवर काम करणारी बाई, पाच वर्षांच्या मुलीच्या गालाचा लचका गेलेला. नगरपालिकेने लेखी कळवले की घटना हद्दीबाहेरची आहे. पंचायतीने कळवले की कुत्री नगरपालिकेने आणून सोडलेली आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या मते विषय स्थानिक संस्थांचा होता. तिन्ही उत्तरे आपापल्या परीने नियमाला धरून होती, आणि भरपाईसाठी लेखाशीर्षच नव्हते. शेवटी रेडक्रॉसच्या निधीतून काही रक्कम दिली. नस्तीवर तिची नोंद ‘साहाय्य’ अशी झाली.

माझा मुद्दा कुत्री मारण्याचा नाही. तो मार्ग कंपनी सरकारने चोखाळून पाहिला होता. जून १८३२मध्ये त्याविरुद्ध मुंबईत पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला. आज २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, की नसबंदी व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडावा. शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांसारख्या आवारांपुरता त्याला अपवाद सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये केला. हे धोरण मला एकूण योग्य वाटते. पण कुत्रा रस्त्यावर राहणार, हा निर्णय शासनाने साऱ्या समाजाच्या वतीने घेतला असेल, तर त्यातील धोक्याची किंमत त्या वीटभट्टीवरच्या बाईने एकटीने का भरावी? आणि ती मिळवण्यासाठी तिने उच्च न्यायालयात वकील का करावा?

यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा मालक सापडत नाही, म्हणून संसदेने १९८२मध्येच मोटार वाहन कायद्यात अशा बळींसाठी भरपाईची तरतूद केली. आज मृत्यूसाठी २ लाख व गंभीर जखमेसाठी ५०,००० रुपये मिळतात. चौकशी तहसीलदार वा प्रांत अधिकारी करतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतो. दोष कोणाचा, हे सिद्ध करावे लागत नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी केंद्राने २०२३मध्ये साहाय्य १० लाखांवर नेले. बिबट्याने मारलेल्या मुलाच्या आईबापांना ठरलेली रक्कम आणि कुत्र्यांच्या टोळीने मारलेल्या मुलाच्या आईबापांना रिट याचिका, हा भेद मला तरी समजावून सांगता येणार नाही.

पालिका पैसे नाहीत म्हणतील. कर्तव्य टाळण्यासाठी ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेला १९८०मध्येच सुनावले आहे. तरीही व्यवहार सांगतो, की छोट्या पालिकेकडून प्रत्येक चाव्याची रक्कम वसूल केली तर ती नसबंदीच्याच तरतुदीतून जाईल आणि पुढच्या वर्षी चावे वाढतील. म्हणून निधी राज्याचा असावा आणि नसबंदीचे काम न करणाऱ्या पालिकेचा त्यातील वाटा वाढत जावा. अर्ज रुग्णालयातच भरून घेतला जावा. लशीच्या पहिल्या दिवशी जखमेचे मोजमाप, छायाचित्र आणि घटनास्थळ केसपेपरवर लिहिले गेले, तर पुढच्या चौकशीचे निम्मे काम तेथेच होते. शेवटच्या मात्रेच्या दिवशी, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, तोच रुग्ण पुन्हा त्याच खिडकीपाशी येतो. तोपर्यंत किमान खेपांचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्याच्या खात्यात जमा करणे कोणत्याही जिल्हा कार्यालयाला जमण्यासारखे आहे.