सहल 'व्हर्च्युअल', गड मात्र खराच!

हल्ली हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये शिरा, एखादा तरी ग्रुप 'व्हीआर'वर काहीतरी करत बसलेला असतोच. फायनल इयरला प्रोजेक्ट काय घ्यायचा यावर मेसमध्ये चर्चा सुरू झाली, की तिसऱ्या चपातीपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "आपण रायगडाची व्हर्च्युअल टूर करू आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना देऊन टाकू!" कल्पना झकास. गाईड सर खूष, एक्स्टर्नल खूष. माझाही विरोध नाही. पण ही टूर नक्की कुणासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही पद्धत तिकडे कशी चालते ते आधी बघू. अमेरिकेत प्राथमिक शाळेतल्या मुलांना राष्ट्राध्यक्षांचा इतिहास शिकवताना 'व्हर्च्युअल फील्ड ट्रिप' वापरतात. व्हाइट हाऊसचं दालन २०१२ मध्ये गूगलच्या आर्ट प्रोजेक्टवर उघडलं. जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन इथलं घरही संगणकावर बसून फिरता येतं. तिथे ते योग्यच आहे. अलास्कातल्या पोराला वॉशिंग्टनच्या घरी जायचं, तर हजारो किलोमीटरचा प्रवास! शिवाय चांगला शिक्षक नुसता दिवाणखाना दाखवून थांबत नाही. वॉशिंग्टन १७९९ साली वारला. त्या साली त्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं मोठेपण आणि ही ३१७ माणसं, दोन्ही एकाच फेरीत मुलांसमोर आली तर त्या फेरीला शिक्षण म्हणायचं. नाहीतर तो नुसता घर बघण्याचा कार्यक्रम!

आता आपल्याकडे या. आपण सगळे चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकलो. महाडच्या पोराला रायगड किती लांब? पंचवीसेक किलोमीटर. अलिबागच्या पोराला कुलाबा किल्ला किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दिसतो. राजपुरीच्या पोराच्या तर अंगणातच जंजिरा. लांबच्या पोरासाठी शोधलेलं औषध आपण जवळच्या पोराला जसंच्या तसं पाजणार आहोत का?

कारण काही गोष्टी स्क्रीनवर येतच नाहीत. रायगडाच्या साडेचौदाशेच्या आसपास पायऱ्या चढताना पोटऱ्या भरून येतात, तेव्हा मुलाला कळतं की राजधानी इथे का आणली. ६ जून १६७४ ला राज्याभिषेकासाठी लागणारं सगळं सामान या उंचीवर कसं आणलं असेल, हा प्रश्न दमलेल्या मुलालाच पडतो. सिंहासनाच्या जागेवरून हळू बोललेलं दूर नगारखान्यापाशी ऐकू येतं. हा अनुभव हेडफोनमधून देता येईल, पण मुलाचा विश्वास बसणार नाही. मित्र तिकडे उभा करून स्वतः कुजबुजला की मग बसेल! आणि कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही कुलाब्याला काही करू शकले नाहीत. पाणी कधी चढतं, उधाण कधी आणि भांग कधी, हे ज्या कोळीवाड्यातल्या मुलाला घरात कळतं, तो त्या दिवशी वर्गाचा शिक्षक होतो. गणितात मागे असलेल्या एखाद्या पोराला असा दिवस वर्षातून एकदा तरी मिळायला नको?

मग टूर नकोच का? तसंही नाही. खऱ्या सहलीबद्दल उगाच हळवं होण्यात अर्थ नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. एखाद्या मुख्याध्यापकांनी सहल म्हटल्यावर कानाला हात लावला तर त्यांना नावं कशी ठेवायची? बसभाडं काढायचं तर मजुरी करणाऱ्या आई-बापांना ते जड जातं. रोपवे १९९६ पासून आहे, पण त्यालाही पैसे पडतात. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद. थळच्या समोरची खांदेरी तर इथल्याच कित्येकांनी लांबूनच बघितलेली. १६७९ मध्ये महाराजांनी तिथे बांधकाम सुरू केलं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले दोन : रायगड आणि ही खांदेरी. शिवाय ज्या मुलाला चालताच येत नाही, त्याने काय करायचं? या सगळ्यांसाठी टूर हवीच.

दुसरं म्हणजे, काही जागा डोळ्यांनी बघून कळत नाहीत. महाडचं चवदार तळं आज बघितलं तर एक बांधीव तळं दिसतं. ते कागदोपत्री सर्वांना खुलं झालेलं असतानाही तिथलं पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं. मग कोर्टकचेरी झाली आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. हे दाखवायला चित्र, नकाशा आणि आवाज लागतो. तिथे आपलं तंत्रज्ञान खरंच कामाचं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : टूर सहलीच्या आधी दाखवावी, सहलीऐवजी नव्हे. आपली गडाची सहल कशी असते? धावत वर, फोटो, वडापाव, धावत खाली. आधी वर्गात वीस मिनिटं टूर बघितली, तर पोरं प्रश्न घेऊन गडावर जातील. जगदीश्वराच्या पायरीवर बांधकाम करणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलंय, ते शोधतील. (आपल्यापैकी किती भावी सिव्हिल इंजिनीअरांनी ते शोधलंय?)

आता प्रोजेक्टवाल्यांसाठी दोन शब्द. गूगलने शाळांसाठी 'एक्स्पिडिशन्स' नावाचं ॲप २०१५ मध्ये आणलं आणि २०२१ मध्ये बंद केलं. पुठ्ठ्याचे 'कार्डबोर्ड' चष्मे विकणंही त्याच वर्षी थांबवलं. ज्या शाळांनी सगळं त्यावर बसवलं होतं, त्यांनी काय करायचं? तेव्हा कंपनीच्या भरवशावर राहू नका. साधे व्हिडिओ, साधे फोटो, पेनड्राइव्हवर मावतील आणि नेट गेलं तरी चालतील असे. भारी हेडसेट तर नकोच. ते बनवणाऱ्या कंपन्याच लहान मुलांसाठी वयाची अट घालतात, आणि एका वर्गात एकच हेडसेट असला की एक पोरगा बघतो नि बाकीचे भांडतात. निवेदन पुस्तकी नको. खांदेरीबद्दल थळच्या एखाद्या नाखवाला बोलू द्या.

आणि शेवटी स्टाफला एक विनंती. आपल्या कॉलेजच्या बसेस रविवारी मैदानाच्या कडेला उभ्या असतात. महिन्यातून एका रविवारी, एक बस, एका जिल्हा परिषद शाळेला द्या. परवानगीचे कागद, विमा, प्रथमोपचार पेटी हे सगळं रीतसर करू. दर दहा पोरांमागे हॉस्टेलचे दोन जण सोबत येतील, त्यांची यादी करायची जबाबदारी माझी. ज्या शाळेला टूर दिली, त्या शाळेला बसही द्यायची, असा नियमच करून टाकू. नाहीतर आपली टूर बघून उद्या कोणी म्हणेल, "गड तर वर्गातच दाखवला, आता सहलीचा खर्च कशाला?" आणि गडाच्या पायथ्याशी वाढलेली पोरं गड न चढताच मोठी होतील. पटतंय ना? मग नावं द्यायला लागा!