गायनशाळेचें कर्ज

शाळेंत गवई घडत नाहीं, तो गुरुगृहींच घडतो, असा आक्षेप गायनशाळांवर नेहमीं घेतात. तो अगदींच खोटा नाहीं. पण गुरुगृहाचें दार किती जणांस उघडें होतें, हें आक्षेपक सांगत नाहींत. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तें कोणा संस्थानिकाच्या पदरीं राहून नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व आपल्या जलशांच्या उत्पन्नावर. वर्ग, क्रमिक पुस्तकें, स्वरलिपि, परीक्षा, सारेंच नवें. १९०८ सालीं मुंबईस विद्यालय निघालें, पुढें स्वतःची इमारत झाली. आणि १९२४ च्या सुमारास कर्जापायीं तिचा लिलाव झाला! एवढा खर्च अंगावर घेणें आम्हांस धाडसाचेंच वाटतें. तथापि विद्यार्थ्यांस पदरचें अन्न घालून त्यांनीं जे शिक्षक तयार केले, ते कांहीं लिलावांत गेले नाहींत. १९३१ मध्यें पंडितजी निवर्तले. त्याच वर्षीं शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें, आणि १९३२ सालीं विनायकबुवा पटवर्धनांनीं पुण्यास विद्यालय उघडलें. आमच्या पुष्कळ वाचकांच्या मुली ‘प्रवेशिका’ व ‘विशारद’ या परीक्षांस बसतात, त्या याच मंडळाच्या.