आरसा, अधिक आणि उणे



नववीच्या विज्ञानात 'प्रकाशाचे परावर्तन' हा धडा आला की हिवरखेडच्या आमच्या वस्तीतील चांगली हुशार मुलेमुलीसुद्धा बिचकतात. वस्तू वक्र आरशापासून अमुक अंतरावर आहे, तर प्रतिमा कोठे पडेल आणि केवढी असेल, हे त्यांना काढायचे असते. सूत्र पाठ असते, भागाकार येतो, तरी उत्तर चुकते. मग घरात बोलणे सुरू होते, "सायन्स काही आपल्या पोराईचं काम नोय!"

हे बोलणे घातक आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांसह. विज्ञानाचे दार आपल्यासाठी त्यांनी उघडले. ते एका अधिक-उणेच्या चिन्हापायी आपणच का लावून घ्यावे?

बहुतेक मुले अडतात ती चिन्हापाशीच. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून वहीखात्याचे उदाहरण देतो. खात्यात 'नावे' आणि 'जमा' असे दोन रकाने असतात. रक्कम शंभरच असते, पण रकाना चुकला की देणेकरी घेणेकरी होतो. आरशाचेही तसेच आहे. आरशाचा मध्यबिंदू म्हणजे ध्रुव. सर्व अंतरे तेथूनच मोजायची. वस्तू आरशाच्या डावीकडे ठेवायची. डावीकडचे अंतर उणे, उजवीकडचे अधिक. वरची उंची अधिक, खालची उणे. उणे म्हणजे वाईट नव्हे. ते फक्त बाजू सांगते. म्हणून आत खोलगट असलेल्या अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर उणे, आणि बाहेर फुगीर असलेल्या बहिर्वक्र आरशाचे अधिक.

सूत्र एकच : १ भागिले प्रतिमेचे अंतर, अधिक १ भागिले वस्तूचे अंतर, बरोबर १ भागिले नाभीय अंतर. प्रतिमा किती पट, हे काढायला प्रतिमेच्या अंतराला वस्तूच्या अंतराने भागून चिन्ह बदलावे. यालाच विशालन म्हणतात.

समजा, दाढीच्या अंतर्वक्र आरशाचे नाभीय अंतर २० सेंटीमीटर आहे. ४ सेंटीमीटर उंच मेणबत्ती त्याच्यापुढे १० सेंटीमीटरवर ठेवली. १/प्रतिमेचे अंतर = −१/२० + १/१० = १/२०. म्हणजे प्रतिमा अधिक २० वर, आरशाच्या मागे. विशालन अधिक २. ज्योत सुलटी, ८ सेंटीमीटर उंच. पण आभासी, कागदावर न पडणारी.

आता तीच मेणबत्ती ३० सेंटीमीटरवर न्या. −१/२० + १/३० = −१/६०. प्रतिमा उणे ६० वर, म्हणजे आरशाच्या पुढे. विशालन उणे २. उंची तीच ८ सेंटीमीटर, पण ज्योत उलटी, आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या कागदावर धरता येणारी. दोन्हीकडे आकडा २ च. सारा फरक चिन्हाने केला!

नाभीय अंतर घरी काढता येते. आरसा सूर्याकडे धरावा आणि कागदावर प्रकाशाचा ठिपका सर्वांत लहान होईल ते अंतर मोजावे. सूर्य इतका दूर आहे की १ भागिले त्याचे अंतर जवळजवळ शून्यच, म्हणून प्रतिमा नाभीपाशी पडते. मात्र सूर्याकडे किंवा आरशातील सूर्याकडे कोणीही पाहू नये. कागद पेटू शकतो, म्हणून मोठे माणूस जवळ असावे. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुका या संस्थेची दुर्बीण २००६ पासून आहे. तिचा मुख्य आरसा २ मीटर व्यासाचा, अंतर्वक्रच आहे. दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश तो याच नियमाने गोळा करतो.

बहिर्वक्र आरसा एस.टी.च्या बाजूला असतो. त्याचे नाभीय अंतर समजा १ मीटर आणि मागे ९ मीटरवर मोटारसायकल. १ + १/९ = १०/९, म्हणून प्रतिमा आरशामागे ०.९ मीटरवर. विशालन ०.१. १.६ मीटर उंचीचा माणूस १६ सेंटीमीटरचा दिसतो! लहान दिसतो म्हणून दूर वाटतो. तेल्हाऱ्याच्या रस्त्याने एस.टी.ला खेटून गाडी हाकणाऱ्या तरुणांनी हे गणित लक्षात ठेवावे.

मज्झिम निकायातील अम्बलट्ठिकराहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध बालक राहुलला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो सांगतो. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे, असा उपदेश भगवंत त्याला करतात. गणितालाही हीच रीत लावावी. आधी आकृती काढावी, करताना चिन्हे पाहावीत, शेवटी उत्तर आकृतीशी जुळते का ते तपासावे.

ज्या मातापित्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही, त्यांनीही मुलाच्या वहीपाशी बसून इतकेच विचारावे : "बाळ, उत्तर अधिक आले की उणे? आणि का?" त्या 'का'चे उत्तर ज्याला देता आले, त्याला गाईड पाठ करावे लागणार नाही.